धुई पडली की वही उघडायची

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पावणेसातला कांद्याच्या वाफ्यात गुडघे टेकून बसलेली साठीतली बाई दिसली, की रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, हिच्या कानातलं पडलं असावं. मला असं तीनदा विचारून झालंय. एकदा तर दुधाच्या गाडीवरचा मुलगा खाली उतरून शोधायलाही लागला. त्याला म्हटलं, "अरे, काही हरवलं नाही. पात बघतेय." किक मारता मारता तो म्हणाला, "पात तर हिरवीगार आहे बाई, तिच्यात काय बघायचं?" हिरवीगार आहे तोवरच बघायची असते, हे सांगेपर्यंत गाडी पाटाच्या पुलापलीकडे गेलीही होती.

मी तीस वर्षं निफाड तालुक्यात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरच्या साडेतीन एकरांकडे वळले. शेत कसायचं माझ्या दिरांनी, नानांनी, आणि वही लिहायची मी, अशी आमची वाटणी. जमीन नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यापासून फार लांब नाही. त्या पाणथळीला २०२० साली रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात सगळ्यात आधी. तेव्हापासून दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढलीये. ते वर बघतात, मी भिंग घेऊन खाली बघते. पण ज्या पाण्यावर त्यांची बदकं उतरतात त्याच पाण्यावरून पहाटे आमच्या शेतात धुई सरकत येते, आणि उन्हाळ कांद्याच्या पातीचं दुखणं बहुतेक वेळा त्या धुईतच सुरू होतं.

ज्यांनी कांदा फक्त टोपलीत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाशिककडे कांद्याचे तीन हंगाम. पावसाळ्यात लावतात तो पोळ, दिवाळीच्या आगेमागे निघतो. त्याच्या पाठोपाठ रांगडा, तो थंडी सरता सरता बाजारात येतो. हे दोघे फार टिकत नाहीत. तिसरा उन्हाळ. त्याचं उळं, म्हणजे बी, दिवाळीच्या सुमारास टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत रोपं लावायची, आणि मार्चअखेरपासून मेपर्यंत काढणी. हाच साठवणीच्या चाळीत बसतो. चातुर्मासात कांदा वर्ज्य असलेली घरं सोडली, तर श्रावण-भाद्रपदात तुम्ही जो कांदा चिरता तो बहुधा हाच. म्हणजे आमच्या फाल्गुनातल्या पातीवर तुमच्या भाद्रपदातली फोडणी उभी असते.

हे वाक्य अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. कांदा उभा चिरा आणि नीट बघा. कांदा मुळीसारखा वाढत नाही, फळासारखा धरत नाही. त्यातला जवळजवळ प्रत्येक पापुद्रा हा एका पानाचा फुगलेला बुंधा आहे. वर जी नळीसारखी हिरवी पात दिसते तिचंच खालचं टोक. फेब्रुवारीत दिवस मोठा व्हायला लागतो, उष्मा वाढतो, आणि रोपाला कांदा भरण्याची खूण मिळते. एकदा ही खूण मिळाली की नवी पानं येणं थांबत जातं. तोवर जी आठ-दहा पानं झाली असतील तेवढंच भांडवल. त्यातली चार करपली, तर उरलेल्या चार-सहांच्या कमाईत सगळा संसार. ऊस किंवा भेंडी नवं पान काढून वेळ मारून नेते, कांद्याला ती सोय नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही पातीवर पहारा ठेवतो तो ह्यासाठी.

ह्या पातीची नेहमीची दुखणी तीन, आणि पहिल्या वर्षी मी त्यांतली दोन एकमेकांत मिसळली.

तेव्हा नुकती निवृत्त झाले होते, अंगात नवा उत्साह. पातीवर चांदीसारखे पांढुरके ओरखडे दिसले, शेंडे वाकडे होऊन वाळायला लागले. मी जाहीर केलं, करपा! जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितल्यावर नाना काय बोलणार? पंधरा दिवसांत बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या झाल्या. ओरखडे वाढतच गेले. मग कृषी महाविद्यालयात शिकणारी पुतणी सुट्टीला आली. तिने माझीच वही उघडून कोरं पान एका झाडाखाली धरलं आणि पात त्यावर दोनदा झटकली. पानावर पिवळसर ठिपके पडले. क्षणभराने ते ठिपके चालायला लागले. ती म्हणाली, "काकू, करपा चालतो का हो?"

ते फुलकिडे होते, ज्यांना सगळं शिवार थ्रिप्स म्हणतं. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. पातीच्या बेचक्यात, सगळ्यात कोवळं पान निघतं तिथे दडून बसतात, पान खरवडतात आणि रस शोषतात. खरवडलेल्या जागी हवा शिरते म्हणून ती चांदीसारखी चमकते. बुरशीनाशकाने ह्यांना काय होणार? तीन फवारण्यांचे पैसे, मजुरी, आणि पुतणीचं ते वाक्य, तिन्ही गोष्टी त्या वर्षीच्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. तेव्हापासून माझा नियम असा: आधी कागदावर झटकायचं, मगच तोंड उघडायचं.

फुलकिडे आणि करपा हे वेगवेगळे असले तरी अनोळखी नाहीत. फुलकिड्यांनी खरवडलेल्या जागेतून बुरशीला आत शिरणं सोपं जातं. शिवाय एक विषाणूही ह्यांच्याच तोंडून पसरतो. आयरिस यलो स्पॉट असं त्याचं नाव. कांद्यावर तो भारतात असल्याची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली, तीही महाराष्ट्रातल्याच पिकावरून. बी धरण्यासाठी लावलेल्या डोंगळ्यांच्या दांड्यावर गवताच्या रंगाचे, पतंगाच्या आकाराचे चट्टे दिसले तर तो असण्याची शंका घ्यावी. त्याला औषध नाही. फुलकिडा आवरणं हाच उपाय.

खरा जांभळा करपा मी दुसऱ्या वर्षी पाहिला. सुरुवातीला पांढरट, किंचित खोलगट ठिपका, बाजरीच्या दाण्याएवढा. मग तो लांबट होतो, मध्ये जांभळी छटा येते, आत वर्तुळात वर्तुळं दिसतात आणि कडेने पिवळी किनार. चट्टा मोठा झाला की पात त्याच जागी मोडते आणि लोंबते. बुरशीचं नाव अल्टरनेरिया पोरी. लॅटिनमध्ये पोरम म्हणजे लीक, कांद्याचा युरोपी चुलतभाऊ. नाव त्याच्यावरून पडलं, आणि खाते ती आमचा कांदा.

ह्या बुरशीला काय लागतं हे समजलं की अर्धी लढाई सोपी होते. तिला पात ओली हवी, आणि तीही सलग. रात्री आठ-नऊला दहिवर पडायला लागलं, पहाटे धुई आली आणि सूर्य नऊपर्यंत दिसला नाही, तर बारा तास झालेच. एवढ्या वेळात बीजाणू रुजतो आणि आत शिरतो. त्या सकाळी पातीवर काहीही दिसत नाही. ठिपका दिसायला पुढे एक ते चार दिवस लागतात. आणि साधारण पाच दिवसांत त्याच ठिपक्यावर नवे बीजाणू तयार होऊन वाऱ्यावर निघतात. म्हणून माझ्या वहीत पहिला रकाना रोगाचा नाही, ओलाव्याचा आहे: रात्री किती वाजता पात ओली लागली, सकाळी किती वाजता कोरडी झाली. नाना रात्री मोटार सुरू करायला जातात तेव्हा पातीवरून हात फिरवतात आणि मला फोनवर एकच शब्द सांगतात, "ओली" किंवा "कोरडी". आमच्या दोघांत एवढं कमी बोलून एवढं काम दुसऱ्या कशात होत नाही.

तिसरं दुखणं तपकिरी करपा, स्टेमफिलियम. मला विचाराल तर ह्या दिवसांतला हाच मुख्य शत्रू. थोडी थंडी, ढगाळ हवा आणि लांबलेलं दव ह्याला मानवतं. पातीच्या मध्यावर, बहुधा ज्या बाजूने वारा येतो त्याच अंगाला, पिवळट-नारिंगी बारीक रेघा उठतात. त्या चातीच्या आकाराच्या होतात, एकमेकींत मिसळतात आणि शेंड्याकडून पान गवतासारखं वाळत येतं. डोंगळ्यावर पडला तर दांडा मोडून बी हातचं जातं. पंचाईत अशी की शेंडे पिवळे पडायला शंभर कारणं असतात. पाण्याचा ताण, क्षारांची जमीन, तणनाशकाचा चटका, कडाक्याची थंडी. निफाडच्या थंडीचे आकडे दर हिवाळ्यात पेपरात छापून येतात, ते कांद्यालाही सोसावे लागतात.

मग ओळखायचं कसं? त्यासाठी एक घरगुती प्रयोग आहे, प्रयोगशाळेत करतात त्याचीच गरीब बहीण. शंकास्पद पात घ्यायची, पण पूर्ण वाळलेला शेंडा घ्यायचा नाही. मेलेल्या भागावर कुठलीही बुरशी येऊन बसते आणि आपली फसगत होते. ज्याच्या चारी बाजूंना अजून हिरवं आहे असा ताजा चट्टा हवा. ओल्या कापसाच्या बोळ्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि सावलीत दोन दिवस ठेवायचं. चट्ट्यावर भिंगातून काळपट मखमल दिसली तर बुरशी. नुसता डाग तसाच राहिला तर चटका किंवा ताण. ही पिशवी मी स्वयंपाकघरात खिडकीच्या खिळ्याला टांगते. आमच्या ह्यांनी एकदा पातीच्या झुणक्यासाठी आणलेली समजून ती सोडून चिरायला घेतली होती. आता पिशवीवर 'रोगी' असं लिहिलेलं असतं.

पाहणी कशी करते ते सांगते, कारण पुष्कळजण बांधावरून नजर टाकतात आणि त्यालाच पाहणी म्हणतात. बांधावरून दिसतो तो सरासरी हिरवा रंग, आणि तो शेवटपर्यंत चांगलाच असतो. आठवड्यातून दोनदा, पात ओली असतानाच, मी शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबते. दर ठिकाणी चार झाडं. प्रत्येक झाडाचं सगळ्यात जुनं पान, मधलं एक पान, आणि बेचका. हिरवी पानं किती, ठिपके किती पानांवर, फुलकिडे किती. वीस झाडांना पाऊण तास लागतो. ह्याशिवाय दोन 'खबरे' ठरवून ठेवलेत: पाटाकडची सखल पट्टी, जिथे पाणी साचतं, आणि आंब्याच्या सावलीतला कोपरा, जिथे दव सगळ्यात शेवटी वाळतं. रोग आला तर आधी तिथेच येतो. शेताचं सरासरी दुखणं मोजण्याआधी त्याचा हळवा कोपरा माहीत असावा लागतो, हे मला वर्गातल्या मुलांवरून कळलेलं होतं.

राष्ट्रीय कांदा-लसूण संशोधन केंद्र १९९४ साली सुरू झालं ते नाशिकलाच. १९९८ मध्ये ते राजगुरुनगरला गेलं आणि आता संचालनालय झालंय. त्यांच्या शिफारशींत फुलकिड्यांसाठी झाडामागे तीसचा आकडा आहे. त्याच्या आत असतील तर फवारू नका. हा आकडा ऐकून नाना पहिल्यांदा हसले होते. "तीस होईस्तोवर बघत बसायचं? वहिनी, सगळं शिवार फवारून राह्यलं अन् आपण वही लिहून राह्यलो!" त्यांची भीती खोटी नव्हती. शेजारच्या वावरात पंपाचा आवाज सुरू झाला की आपल्या पोटात गोळा येतोच. आमच्याकडच्या निम्म्या फवारण्या रोगापेक्षा शेजाऱ्याच्या पंपाला बघून होतात, असं माझं मत आहे. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा दुकानदाराच्या चिठ्ठीवर. मी एका दुकानातून आणलेल्या चिठ्ठीत एकाच टाकीत पाच बाटल्या होत्या: दोन बुरशीनाशकं, एक कीटकनाशक, एक टॉनिक आणि एक कसलंसं 'पात काळी करणारं'. पाचांपैकी दोन बाटल्यांत औषध एकच, कंपन्या वेगळ्या.

एकच गट पुन्हा पुन्हा मारत राहिलं की बुरशीतले चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडातल्या ओंटारियोत हाच स्टेमफिलियम गेल्या पंधरा-वीस वर्षांत कांद्याच्या पातीचं मोठं दुखणं होऊन बसला, आणि तिथे काही बुरशीनाशकांना तो दाद देईनासा झाला. तिथल्या शेतकऱ्यांकडे हवामानयंत्रं आहेत, सल्लागार आहेत. तरीही हे झालं. आपल्याकडे पाच बाटल्यांची चिठ्ठी आहे.

फवारायचंच असेल तेव्हा दोन गोष्टी मी हट्टाने करून घेते. एक म्हणजे टाकीत स्टिकर. पातीवर मेणाचा थर असतो आणि ती उभी असते. नुसतं पाणी मारलं तर अळवावरच्या पाण्यासारखं ओघळून मुळाशी जातं. नानांना हे पटवायला मी एका पातीवर साधं पाणी आणि दुसरीवर स्टिकर घातलेलं पाणी थेंबाने सोडून दाखवलं. वर्गात एवढं लक्ष देऊन माझा प्रयोग कोणी पाहिला नव्हता. दुसरी गोष्ट वेळेची. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य औषध पातीवर बाहेरच राहतं. बीजाणू आत शिरण्याआधी ते तिथे हवं. धुईचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी मारावं. ठिपके दिसल्यावर मारून ते ठिपके जात नाहीत, पुढचे वाचतात तेवढंच.

औषधाशिवायच्या गोष्टींवर खरं तर जास्त लिहायला हवं, पण त्या विकायला कोणी येत नाही म्हणून त्यांची चर्चा कमी. रोपं लावायच्या महिनाभर आधी शेताच्या कडेने मक्याच्या दोन ओळी लावल्या, की वाऱ्यावर येणारे फुलकिडे बरेच अडतात. नत्राचा शेवटचा हप्ता लावणीनंतर साठ दिवसांच्या आत संपवायचा, नाहीतर पात लुसलुशीत होते, रोगाला आवडते आणि मान जाड राहते. आणि तुषार सिंचन. ह्यावर आमच्या घरात दोन वर्षं वाद चालला. तुषारने फुलकिडे धुऊन जातात, हे नानांचं म्हणणं खरं आहे. पण वीज रात्रीची मिळते म्हणून तुषार रात्री चालतो, आणि मग धुई नसली तरी आपणच पात रात्रभर ओली ठेवतो. आता ठिबक केलंय. वाद मिटला असं म्हणणार नाही, स्थगित आहे.

वही कितीही नीट लिहिली तरी काही गोष्टी तिच्या हाताबाहेरच्या. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट इकडे कोणी विसरलेलं नाही. गारेने पात फाटते, आणि फाटलेली प्रत्येक कड बुरशीला उघडं दार. भावाचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली; त्या वर्षी आमची पात अगदी निरोगी होती, आणि पहिल्या वाहनाला लासलगावात मिळालेला भाव बघून नाना परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. वही भाव वाढवत नाही. पण भाव नसताना थांबायचं असेल तर कांदा चाळीत टिकावा लागतो, आणि तो टिकणार की नाही हे मार्चमध्येच ठरत असतं.

ते कसं, एवढं सांगून संपवते. निरोगी झाड पिकलं की मान आपोआप मऊ होते आणि पात आडवी पडते. आम्ही म्हणतो, माना पडल्या. निम्म्या माना पडल्या की काढणी. मग कांदा तीन-चार दिवस पातीसकट वावरातच सुकवायचा, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकायचे, आणि नंतर दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची. ह्या दिवसांत मान सुकते, आवळते, बंद होते. करप्याने पात आधीच मेली असेल तर झाड उभ्या उभ्या वाळतं. मान नीट पडत नाही, कांदा लहान राहतो, गोल्टीचं प्रमाण वाढतं, आणि न मिटलेल्या मानेतून काजळी नि सड आत उतरते. चाळीत ऑगस्टमध्ये जो वास सुटतो त्याची सुरुवात अशी पाच महिने आधी झालेली असते.

तेव्हा बाजारात कांदा घ्याल तेव्हा रंग मागाहून बघा. आधी मानेवर अंगठा दाबा. बारीक, कडक, मिटलेली लागली तर तो कांदा खुशाल महिनाभर ठेवा. मऊ लागली तर त्याच आठवड्यात संपवा.